तपासले, योग्य आहे

३ मार्च
आजपासून रोजनिशी. एकही दिवस चुकवायचा नाही. इतकी वर्षं जमीन विकास मंडळात काढल्यावर बढती मिळून मंडळाच्या पारदर्शकता कक्षाचा प्रमुख म्हणून रुजू झालो. साहेब म्हणाले, लोक मंडळाला नावं ठेवतात, ते थांबलं पाहिजे. मी म्हटलं, अर्जाला उत्तर द्यायची मुदत तीस दिवसांची, मी दहा दिवसांत देईन. साहेब हसले. कौतुकानेच असणार. केबिन चारही बाजूंनी काचेची.

४ मार्च
ऊन फार येतं. पडदे मागवले.

६ मार्च, सकाळी ११
पहिला अर्ज. चक्क ताईचा! सख्ख्या बहिणीने रांगेत उभं राहून अर्ज द्यावा म्हणजे कमाल झाली. मंडळाने रस्त्यासाठी तिची जागा घेतली त्याला अकरा वर्षं झाली. बदल्यात कबूल केलेला भूखंड कुठे आहे, एवढंच विचारलंय. फोन केला, मला घरी नाही का सांगायचं? म्हणाली, बाळ्या, नऊ वर्षं सांगतेय, तू नुसतं बघतो म्हणतोस. तिचा घरमालक जूनअखेर खोल्या रिकाम्या करून मागतोय. आता दहा दिवसांत निकाल लावतोच.

१७ मार्च
दहा दिवस झाले, पण रविवार धरायचे नसतात. अर्ज भूखंड शाखेकडे पाठवला. कागद योग्य शाखेत जाणं हीसुद्धा पारदर्शकताच. रोजनिशीत यापुढे महत्त्वाचं तेवढंच लिहायचं.

२४ मार्च
भूखंड शाखेने अर्ज नकाशा शाखेकडे दिला, नकाशावाल्यांनी रेकॉर्डकडे, रेकॉर्डने माझ्याकडे. निदान हरवला तरी नाही. ताईचे तीन फोन. उचलले नाहीत. अर्जदाराशी खासगीत बोलणं बरं दिसत नाही.

२७ मार्च
फाइल सापडली. माझ्याच कपाटात, वरून तिसरी. काखेत कळसा. भूखंड दोन वर्षांपूर्वीच देऊन झालाय, साहेबांच्या मेव्हण्याला. शेवटच्या पानावर ‘तपासले, योग्य आहे’. खाली सही माझी.
आठवत नाही. तेव्हा रोज दीडदोनशे सह्या असायच्या, वाचत बसलो असतो तर काम तुंबलं असतं. पान तीनदा पाहिलं. काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं. मग डबा खाल्ला.

१ एप्रिल
ठरलं. उद्या साहेबांना तोंडावर विचारायचं.

२ एप्रिल
विचारलं. म्हणजे विषय काढला. साहेब म्हणाले, जुन्या फायलींना वाळवी लागते हो. पडद्यांचा रंग आवडला म्हणाले.

४ एप्रिल
उत्तर रवाना. ‘सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.’ मुदतीच्या एक दिवस आधी! मंडळात असं कधी झालं नव्हतं. बायकोने विचारलं, ताईंना काय कळवलंत? नियमाप्रमाणे, म्हटलं. ती उठून आत गेली.

२१ एप्रिल
ताई अपील घेऊन आली. टोकन घेऊन दीड तास बाहेर बसली होती. पडद्याच्या फटीतून दिसत होती, पण रांग म्हणजे रांग.
अपिलात एकच प्रश्न. भूखंड दुसऱ्याला दिला असल्यास फाइलच्या शेवटच्या पानावर सही कोणाची?
मी म्हटलं, ताई, बस ना, पाणी घे. ती बसली नाही. कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, पोच द्या, साहेब.
पन्नास वर्षं बाळ्या म्हणत आली.
पोच दिली. शिक्का स्वच्छ उमटला. सही केली. ती सही तिने बराच वेळ पाहिली. मग पिशवीतून एक झेरॉक्स काढली, पोचपावतीशेजारी धरली, दोन्हींची घडी घातली आणि गेली. झेरॉक्सवर शेवटची ओळ मी उलटी वाचली. तपासले, योग्य आहे.
तिला कुठून मिळाली कोण जाणे. मंडळात हल्ली काही गुप्तच राहत नाही.
उत्तराला तीस दिवस आहेत.