पुलावर मांडलेल्या खुर्च्या

ब्रॅडिश, पेनसिल्व्हेनिया
१० जानेवारी १९९३

ती. ल्युडीआत्यास,
डेनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. रोज कागद घेऊन बसायचो, तुझ्या मोडलेल्या खुब्याची चौकशी लिहायचो, आणि पुढची ओळ आठवली की उठून तळघरात बॉयलर पुसायला जायचो. तू लेकीकडे जाताना घर माझ्यावर सोपवलंस, आणि तुझा बॉयलर आता इतका लख्ख झालाय की त्यावर पान वाढावं.

आता ती ओळ लिहूनच टाकतो. नगरपालिका रेल्वे यार्डावरचा आपला पायी जायचा पूल पाडणार आहे.

रेल्वेच्या जुन्या यार्डात मोठं सभागृह होणार, हे तू जाण्याआधीच ऐकलं होतंस. आता त्याच्यासाठी वाहनतळ हवाय आणि आपल्या पुलाचा मधला खांब त्यांच्या वाटेत येतो. तसं तोंडानं म्हणत नाहीत. म्हणतात, टेकडीवरची माणसं हल्ली पूल वापरतच नाहीत, आम्ही मोजणी केली. कधी केली विचार! दर हिवाळ्यात पालिकेचा माणूस पुलावरचं बर्फ काढायचा. यंदा डिसेंबरात तो आलाच नाही. पालिकेचं काम पालिका करील म्हणून आपण सगळे शहाणे वाट बघत बसलो. मांडीएवढं बर्फ साचलं, आणि नेमके त्याच आठवड्यात दोघं जण पुलाच्या तोंडाशी मोटार लावून, हीटर चालू ठेवून माणसं मोजत बसले. आधी दाराला कुलूप ठोकायचं आणि मग लिहायचं की या घरात कुणी राहत नाही!

सभा झाली. विकास कार्यालयाचा हॉलिस्टर नावाचा साहेब आहे, कनेटिकटहून मुद्दाम आणलेला. तो म्हणाला की काळजी नको, टेकडीसाठी दिवसातून दोनदा बस सोडू. त्यावर शेजारच्या कॉस्टेल्निकबाईंनी विचारलं की मग छातीत कळ यायची ती पण दोन्ही वेळा बस बघूनच येऊ दे का. लोक हसले. तोही हसला. मला त्याचं हसणं फार लागलं.

मीही बोललो. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मी माँटानात चेरी तोडायला होतो तिथल्या एका पुलाची हकिकत काढली, म्हटलं तिच्यावरून आपल्यावर येऊ. आपल्या पुलापर्यंत पोचलो आणि घंटी वाजली. तू असतीस तर कान पिळला असतास.

आत्या, तुला गाडी चालवता येत नाही. दुकान, डॉक्टर, सेंट सिरिलचं चर्च, सगळं पलीकडे. खालच्या रस्त्यानं जायचं तर दोन मैल, आणि पायवाट नाही. पूल गेला तर तुझी लेक मार्लीन तुला घर विकायला लावील, हे मला कळतं. म्हणून तिला इतक्यात सांगू नकोस.

तुझा लोभ मी कमावलेला नाही, तरी चालू ठेव.

तुझा,
डेनी

---

मेसा, ॲरिझोना
१९ जानेवारी १९९३

चि. डेनीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे राखून ठेवलेत, पुढचं पत्र वेळेवर आलं तर देईन.

मी ठीक आहे. मला चालायला चार पायांचा वॉकर दिलाय. त्याच्या पायांत मार्लीननं टेनिसचे हिरवे चेंडू बसवलेत, म्हणजे तिच्या फरशीवर ओरखडे नकोत. इथं अंगणात गवताच्या जागी खडे पसरतात आणि ते खडे झाडायला माणूस ठेवतात. माझी मुलगी यालाच सुख म्हणते. जावई रोज सांगतो की इथं बर्फ पडत नाही. जणू काही त्यानंच बंद केलंय.

पुलाचं वाचलं आणि हातातला कप आदळला. कपाचा कान तुटला. मार्लीनला सांगितलं, हात थरथरला.

मोजणी करतात! माझी मोजणी केली का? लग्न झाल्यापासून मी त्या पुलावरून पिठाची पोती आणली, तापानं फणफणलेली पोर आणली, नवरा गेला तेव्हा माझ्या जोची शवपेटी त्याच्या मिलमधल्या सोबत्यांनी त्याच पुलावरून खांद्यावर नेली. गाडीतून न्यायची त्याची इच्छा नव्हती. तेव्हा मोटारीत बसून कोण मोजत होतं?

आणि तुम्ही लोक सभेत जाऊन तीन तीन मिनिटं विनवण्या करता. नऊ राज्यं भटकलास, पण आपल्या गावचा एक नियम तुला कळला नाही. तू आलास त्या दिवशी माझ्या घरासमोरची पिवळी खुर्ची बाजूला ठेवून तिथं आपली खटारा गाडी लावलीस. कॉस्टेल्निकबाईंनी तुला काय काय ऐकवलं ते त्यांनी मला सगळं कळवलंय. ती जागा जोची. त्यानं तिथलं बर्फ काढलं, आपली खुर्ची ठेवली, जागा त्याची झाली. तो गेला, गाडी विकली, तरी दर हिवाळ्यात मी तिथं बर्फ काढते आणि त्याची खुर्ची ठेवते, आणि एवढ्या वर्षांत कुणाची हात लावायची छाती झाली नाही. तुझी झाली, कारण तुला अक्कल नाही.

तेव्हा फावडं घे. पुलावरचं बर्फ तुम्ही काढा. ज्यानं बर्फ काढलं, जागा त्याची. मग खुर्च्या मांडा. पहिली जोची.

जेवत जा. फ्रीझरमध्ये सारण भरलेल्या पिरोगी आहेत, त्यांतल्या कोबीच्या सारणाच्या आधी संपव.

आत्या

---

ब्रॅडिश
१ फेब्रुवारी १९९३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यावेळी बघ, लगेच लिहितोय. राखून ठेवलेले आशीर्वाद पाठव.

शनिवारी सकाळी मी एकटाच फावडं घेऊन पुलावर गेलो. माझं फावडं तुझ्याच तळघरातलं, दांडा सैल. तो ठोकायला दगड शोधत होतो तर दगडाखाली एक खारूताई मेलेली, तिला पुरावं की नाही या विचारात अर्धा तास गेला. वर बघतो तर कॉस्टेल्निकबाई नवऱ्याचे बूट घालून उभ्या. म्हणाल्या की मर्तिक उरकलं असेल तर कामाला लागू या. मग घराघरातून माणसं आली. दुपारपर्यंत पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला, आणि पलीकडे गेलेल्या प्रत्येकाला उगाचच काहीतरी विकत आणायचं आठवलं.

मग खुर्च्या आल्या. जोकाकांची पिवळी खुर्ची पुलाच्या मध्यावर, मधल्या खांबावर ठेवली. तिच्यामागं स्वयंपाकघरातल्या, बागेतल्या, एक लहान मुलाला भरवायची उंच खुर्ची, एक पियानोचं स्टूल. कॉस्टेल्निकांनी दुकान बंद केलं तेव्हाची न्हाव्याची खुर्ची चौघांनी उचलून आणली. मधून एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली. रात्री राखणीला कुणी लागत नाही. इथं राखणीची गरजच नाही.

आज सोमवारी पालिकेचा ट्रक आला. पूल बंद करायला लाकडी अडसर घेऊन. मुकादम स्टॅन ऑर्लोस्की, काकांच्या मित्राचा मुलगा, तो आडदांड. उतरला, खुर्च्या पाहिल्या, टोपी मागं सारून डोकं खाजवलं. त्याच्याबरोबरचा एक जण हात पुढं करणार तोच स्टॅन त्याच्यावर असा खेकसला की बिचारा घसरून बसला. आम्हाला म्हणाला की मला पगार पालिका देते हे खरं, पण मला याच गावात आईच्या हातचं जेवायचंय. खुर्च्या तुम्ही उचललात की कळवा, मी येतो. आणि अडसर तसेच घेऊन गेला!

आत्या, तू सेनापती आहेस. खुबा जपून वापर.

लोभाची अपेक्षा आता हक्कानं करणारा,
डेनी

---

मेसा
९ फेब्रुवारी १९९३

चि. डेनीस,
अनेक आशीर्वाद. हे सगळे.

तुझं पत्र मार्लीननं वाचलं. टेबलावर राहिलं, चूक माझीच. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बळ आलं असतं. तिनं शांतपणे विचारलं की ममा, समजा पूल राहिला, तरी हा वॉकर घेऊन तू तो ओलांडशील का?  इथं मी बैठकीपासून न्हाणीघरापर्यंत जाते आणि दम खाते.

तिनं कुणाला तरी फोन केला. घराला गिऱ्हाईक तयारच होतं. ते सभागृहवालेच टेकडीवरची घरं घेताहेत म्हणे. बघ, कसे चारी बाजूंनी येतात! पूल काढायचा, म्हणजे म्हातारी माणसं आपणहून जातात, आणि मग तेच दारात फुलं घेऊन उभे. संतापानं माझ्या कानशिलात ठोके पडतात. पण नुसत्या संतापावर पाय चालत नाही.

मी हो म्हटलंय. सही पुढच्या आठवड्यात. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव. जोची खुर्ची पुलावरून घरी आण आणि कॉस्टेल्निकबाईंना दे. दुसऱ्या कुणाला नको.

तू चांगलं केलंस. तुझ्या बापाला मी तसं सांगणार आहे, त्याला पटो न पटो.

आत्या

---

ब्रॅडिश, पुलावरून
१६ फेब्रुवारी १९९३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून मांडीवर लिहितोय, अक्षर सांभाळून घे. भांडी गुंडाळलेली नाहीत. गुंडाळायला वर्तमानपत्र शिल्लक नाही, का ते सांगतो.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचून बराच वेळ तुझ्या पायरीवर बसलो. मग तू सांगितलंस म्हणून खुर्ची आणायला पुलावर आलो, तर खुर्ची जागेवर नाही!

हॉलिस्टर आदल्या दिवशी येऊन गेला होता. बाहेरगावचे पैसेवाले पाहुणे घेऊन, त्यांना वरून यार्ड दाखवायला. पाहुण्यांना एका ओळीनं जायचा कंटाळा आला, तर या गृहस्थानं आपल्या हातानं काकांची खुर्ची उचलली आणि कठड्यावरून खाली टाकली. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार त्यांच्याबरोबरच होता, त्यांनीच बोलावलेला. शनिवारी पहिल्या पानावर फोटो: साहेबाचे हात, आणि हवेत खुर्ची. घरातले सगळे अंक लोक दारांखिडक्यांना चिकटवायला घेऊन गेले.

आत्या, जे गाव पूल पाडतात म्हटल्यावर कुशीवर वळलं नव्हतं, ते उठून बसलं. ज्यांना आपली टेकडी कुठंय हे माहीत नाही, असे पलीकडचे लोक रेडिओवर फोन करून बोलू लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की पुलाचं मला काही ठाऊक नाही, पण ज्याला खुर्ची कळत नाही त्याच्या हातात गाव कुणी दिलं? बेकरीवालीनं साहेबाला पाव दिला नाही, संपला म्हणाली, आणि त्याच्या देखत मागच्याला दिला. सोमवारी तो कचेरीत आला तर त्याची मोटार लावायची जागा खुर्च्यांनी भरलेली. इतक्या, की त्याला गाडी लांब ठेवून पायी यावं लागलं. पालिकेतल्या एकानंही त्या हलवल्या नाहीत. हलवणार कोण?

तरी अजून जिंकलो नाही. पूल पाडायचा की नाही यावर पालिकेच्या सभेत मतदान उद्या आहे. नगरसेवक घाबरलेत, पण घाबरलेल्या माणसाचा काय भरवसा. तो हॉलिस्टर रेडिओवर म्हणतो की एका मोडक्या खुर्चीसाठी एवढा गदारोळ त्याला समजत नाही. खरंच समजत नाही त्याला, यानं तर माझं डोकं जास्त फिरतं.

काकांची खुर्ची स्टॅननं यार्डात उतरून शोधली. एक पाय वाकला होता, तो गुडघ्यावर धरून सरळ केला. मधल्या खांबावर परत ठेवली आहे. तू सांगितलंस तरी मी ती कॉस्टेल्निकबाईंना देणार नाही. त्याही घेत नाहीत. त्यांनी तुला फोन केला होता असं म्हणतात. मी म्हटलं, तिला फोनवर ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, मी टेकडीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. फोटोचं सांगितलं. तू फक्त कुठली खुर्ची एवढं विचारलंस म्हणे आणि फोन ठेवलास. बाई तेव्हापासून रडताहेत, की ल्युडीला उगाच त्रास दिला.

सहीच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचंय की

थांब. पलीकडच्या टोकाला टॅक्सी थांबलीय. कॉस्टेल्निकबाई उभ्या राहिल्या. स्टॅननं टोपी काढली, कशासाठी ते मला इथून दिसत नाही.

कुणीतरी बाई आहे. डोक्यावर वाळवंटातली पांढरी गवती टोपी, पायात उघड्या चपला, या थंडीत! टॅक्सीवाला हात द्यायला गेला तर त्याला तिनं झिडकारलं. पुढं चार पायांचं काहीतरी ढकलत येतेय. चार पावलं येते, थांबते, पुन्हा येते. कुणी मदतीला जायला धजत नाही. मधल्या खांबापर्यंत आली. पिवळ्या खुर्चीचा वाकलेला पाय हातानं चाचपून बघितला. बसली.

वॉकरच्या पायांत हिरवे चेंडू आहेत.

आत्या, या पत्राला तिकीट लावत नाही. तसंच हातात आणून देतो. तू दम खा, तोवर मी फ्रीझरमधल्या उरलेल्या पिरोगी चुलीवर ठेवून येतो. आणि उद्याची तीन मिनिटं तुझी.

तुझा लोभ इथून साठ पावलांवर बसलेला बघणारा,
डेनी