मनगटावरची कवडी

सोमवार, मालवण

आज उशिरा लिहायला बसलो, माफी असावी. राग उतरेना, पेन धरवेना.

संध्याकाळी आमच्या बाबल्याचा फोन आला. पोराचं जहाज आफ्रिकेच्या एका बंदरात आहे. तिथला जुना किल्ला बघायला गेला होता. गोरे लोक त्यात माणसं कोंडत आणि समुद्रापलीकडे उसाच्या मळ्यांवर नेऊन विकत. किल्ला दाखवणाऱ्या बाईने त्याच्या मनगटावरची कवडी पाहिली. म्हणाली, "ही किंमत तुझ्या हाताला कोणी बांधली? ह्याच मोजून आमची माणसं घेतली." तिथे तेव्हा कवड्याच पैसा म्हणून चालत, आणि त्या गोऱ्यांनी आपल्या बाजूच्या समुद्रातून जहाजं भरून नेलेल्या.

"बाबा, मिया ती काढून ठेवलंय," म्हणाला.

देवीपुढची कवडी! आमच्या घरात दर्यावर जाणाऱ्याला ती बांधतातच. मी पोरावरच ओरडलो. चुकलो का? ओरडायचं होतं त्या मेल्यांवर. कवड्या देऊन माणसं, माणसं राबवून साखर, साखर विकून पुन्हा जहाजं. साखर घातलेला चहा तसाच ओतून दिला.

ही म्हणते, "कवडी दर्याची, पाप तेंचा. पोराक परत बांधूक सांगा." पण ज्या हाताला ती बोचते त्याला कसं सांगू? आणि कवडीशिवाय दर्यात? मेल्यांनी आमची राखणसुद्धा नासवली.

जहाज निघालं असेल, फोन लागत नाही. बाबल्या, बांध नाहीतर बांधू नको, मी ओरडणार नाही. सुखरूप आहेस एवढं लवकर कळव रे.