पोह्यांचं प्रात्यक्षिक

देऊळगाव राजा,
रविवार

ती. अविनाशदादांना,

चिंतामणचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता काय म्हणतो? वहिनींचं पित्त शमलं असावं. (नसल्यास जेवून लगेच आडवं होऊ नये. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, तिच्याविषयी सवडीने लिहीन.) इकडे सगळे खुशाल, आणि आज तर जास्तच, कारण तुमच्या भाचीचं लग्न जमलं! फोनच केला असता, पण तुमची बहीण फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसते, आणि मला काही गोष्टी तिच्या माघारी सांगायच्या आहेत.

आरोहीची आधीची दोन स्थळं माझ्यामुळे हुकली, हे पद्मजा बोललीच असेल. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं की तोंड आपोआप उघडतं, त्याला मी काय करू? पहिल्या पाहुण्यांना मी एवढंच म्हणालो, की मुलगा होणार की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं, आईच्या हातात काही नसतं. शास्त्र म्हणून शंभर टक्के खरं. पण मुलाच्या आईने थोरल्या सुनेकडे पाहिलं, थोरल्या सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, आणि मंडळी चहा न घेताच उठली. दुसऱ्यांचं तर लिहवतही नाही. (विषय जंत हा होता.)

या वेळचा मुलगा डोणगावचा, आल्हाद. आरोहीला मनापासून आवडलेला. सकाळी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, आज फक्त हवापाण्यावर बोला ना." मी शब्द दिला.

आल्हाद, त्याचे वडील भगवंतराव आणि आत्या अन्नपूर्णाबाई अशी तिघं आली. पोहे आले. तिघांनी एकेक घास घेतला आणि सगळे गप्प झाले. आत्याबाई कॅलेंडर वाचू लागल्या. मला वाटलं, संकोच असेल. हवापाणी बोलून संपलं होतं, आरोही ओढणीचं टोक पिळत होती, आणि मला ती शांतता सोसेना. म्हटलं, "गिळू नका, चावत राहा! पोह्यात पिष्ट असतं. लाळेतलं टायलिन नावाचं विकर त्याची साखर करू लागतं. जरा वेळाने गोडवा जाणवेल." तिघंही डोळे मिटून चावत बसले. तेवढ्यात पद्मजा चहा घेऊन आली, आणि ते दृश्य पाहून ट्रेसकट दारातच थांबली.

भगवंतरावांनी एकदम डोळे उघडले. "हाव सर! गोड लागून राह्यलं न बावा!"

"मले तं पहिल्याच घासाले लागलं," आत्याबाई म्हणाल्या, "म्या म्हटलं, कसं बोलावं?"

काहींची लाळ जात्याच तडफदार असते, असं मी त्यांना समजावलं. त्या फार खूश झाल्या.

"मले शाळेत असं कोणी शिकवलंच नाही," भगवंतराव म्हणाले. "पोरगी अशाच घरची पाह्यजे!" आणि दादा, होकार देऊनच मंडळी उठली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. खरं सांगायचं तर रडलो.

आपला,
चिंतामण

ता. क. पाहुणे गेल्यावर माझी ताटली घेऊन बसलो. (बोलण्याच्या नादात ती तशीच राहिली होती.) पहिला घास जिभेवर ठेवला, अजून चावलाही नव्हता, तोच गोडमिट्ट! मिठाच्या जागी साखर पडलेली. पाहुण्यांआधी चव घ्यायची नाही, हा तुमच्या घरचा नियम पद्मजा अजून पाळते. तिला मी काही बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका.

आणखी एक. आल्हादला पहिल्याच घासाला कळलं होतं, हे आरोहीने मागाहून सांगितलं. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं, तेव्हा तो आरोहीला म्हणाला, "सरांले सांगू नका बरं, किती खुशीत शिकवून राह्यले होते." आणि त्या पठ्ठ्याने पोहे दुसऱ्यांदा मागून खाल्ले होते! असा जावई शोधून सापडला नसता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. साखरपुड्याला आपली झाडून सगळी माणसं आणू, हेच पोहे करा आणि सरांनी सगळ्यांना शिकवावं, असं भगवंतराव बजावून गेलेत. पद्मजा त्या दिवशी नेमकं मीठ घालणार आणि मी भर मांडवात तोंडघशी पडणार. मामाला रुसायचा हक्क असतो. तुम्ही पोहे वाढायच्या वेळी रुसा, आणि तडक एसटी स्टँडवर जाऊन बसा. कारण तुमच्या पसंतीचं घ्या. समजूत काढायला आल्हादला पाठवतो. कृपा करून लवकर मानू नका.