बसऱ्याची बातमी

नागपूर, गोळीबार चौक
२ ऑगस्ट १९८३

प्रिय गिरिधर,

मुंबईच्या दवाखान्यातून लिहिलेलं तुझं पत्र काल दुपारी भेटलं. तुझ्या मायनं ते माह्याकडून तीनदा वाचून घेतलं, मंग पोटाशी धरून रडली. पाय बरा आहे का गा? अडीच वर्षं परक्या मुलखात कैदेत काढून माणूस परत येते, हे बोळीत कोणाले खरंच वाटून नाही राहिलं. तुझी तेरवी केली होती आम्ही. आता भटजी म्हणते, पोराचं बारसं पुन्हा करा लागते. माय म्हणते करू, घुगऱ्याही वाटू. लय दिवसांनी ती हसली.

पुढच्या आठवड्यात घरी येतो म्हणून लिहिलंस. त्याच्या आधी हे सारं वाच, अर्ध्यात फेकू नको.

तू मजुरीले गेला होता त्या बसऱ्यात लढाई लागली अन् तुझी पत्रं थांबली. तवापासून आम्ही रोज आठ वाजता बाहेरच्या स्टेशनची हिंदी बातमी लावत होतो. मागांच्या खटखटीत काही ऐकू येत नव्हतं, तर शेजारचा रुपराव घरोघर सांगून आला, अन् आठाले साऱ्या बोळीचे माग बंद होऊ लागले. माणसं विणणं सोडून आपल्या दारात येऊन बसत. तुझी बायको सुमती अगदी रेडिओपाशी बसे. तिले दुसरं काही सुचतच नव्हतं.

फागणात एका दिवशी आवाज फार बारीक येऊन राहिला होता. मी रेडिओ कानाले लावला अन् ऐकीन ते बाकीच्यांले सांगत गेलो. बसऱ्याच्या बंदरापाशी परदेशी मजुरांची छावणी जळाली, कोणी वाचलं नाही. मंग नुसती खरखर. सरकारी कचेरीनं कळवलं, खात्री नाही, थांबा. पण सरकार लपवते, बाहेरचं स्टेशन खोटं बोलत नाही, हे मी चौकात भांडून सांगणारा माणूस. मी थांबलो नाही. तुझ्या नावानं कणकेचा पुतळा करून घाटावर जाळला.

आता लिहाच लागते. वर्षभरानं मी सुमतीचा पाट लावून दिला, उमरेडच्या चंद्रभानशी. स्थळ मी पाह्यलं, तिच्या बापाच्या जागी मी बसलो. तेवीस वर्षांची पोर, किती दिवस रेडिओपाशी बसवू? चंद्रभान बरा माणूस आहे. चार महिन्यांची पोरगी आहे तिले. तू जिता आहे हे तिले अजून मी कळवलं नाही, हिंमत होत नाही. तू शिव्या देशील. दे, पण मले दे.

तिले नको, म्हणूनच हे पत्र. पुतळा जाळून आलो तरी ती कुंकू पुसू देत नव्हती. साऱ्या बाया थकल्या. मंग माह्यापुढं येऊन तिनं एवढंच विचारलं, "मामाजी, रेडिओनं त्यांचं नाव घेतलं का?" तिची ती दशा माह्यानं पाहवत नव्हती. मी म्हटलं, "हो, घेतलं." तवा तिनं आपल्या हातानं बांगड्या फोडल्या. रेडिओनं कोणाचंच नाव घेतलं नव्हतं, गिरिधर. ती तुझी वाट पाहून राहिली होती. मी तिले उठवलं.

तुझाच, तोंड दाखवायले भेणारा बाप,
मारोतराव