नांदेड–लातूर, अर्धा तास

लातूर, ३ डिसेंबर २०२४

चि. शिवानीस,
आशीर्वाद. फोनवर आवाज चढेल, म्हणून लिहितो. आई गेल्याचं कळवताना मी मामांना सांगितलं होतं, रस्त्यानं चार तास मोडतात, नांदेडहून विमानानं या. मोबाईलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकून पाहिलं होतं: सव्वाशे किलोमीटर, अर्धा तास. आपल्या लिंगायत रीतीनं आईला दारात बसवून आम्ही ऊन उतरेपर्यंत वाट पाहिली. भावकी म्हणाली, भावाला अर्धा तास निघत नाही होय! शेवटी माहेरची साडी अंगावर न पडताच तिला माती दिली. तुझ्या वडिलांना म्हणावं, आता कार्यालाही येऊ नका.
अमरेश

मुदखेड, ६ डिसेंबर

ती. अमरेशदादांना शिवानीचा नमस्कार, वि. वि.
आप्पांना न सांगता लिहिते आहे. ते म्हणाले, अमरेशला काही कळवू नको, पोरगं जन्मभर मनाला लावून घेईल. पण तुम्ही संबंधच तोडायला निघालात, मग गप्प कशी राहू?

तुमचा फोन आल्या आल्या आप्पा साडी घेऊन निघाले, ते थेट नांदेडच्या विमानतळावर. मी त्याच गावात होते, पण परीक्षेत. फोन बाहेर पिशवीत. फाटकावरच्या शिपायानं सांगितलं, आजोबा, इथून लातूरला विमान जातच नाही. आप्पांना वाटलं, धोतर बघून टाळून राहिला. भाचा इंजिनिअर हाय, त्यानं बघूनच सांगितलं आसंल, म्हणत ते तिथंच बसले. शिपाई बदलला, दुसऱ्यानंही तेच सांगितलं, तेव्हा कुठं बसस्टँड गाठला. अहमदपूरला पोचले तर तुमच्या काकांचा फोन, माती झाली. आप्पा तिथंच उतरले, परत फिरले.

तुम्ही पाहिलेलं पान मीही उघडलं. विमान असो वा नसो, दोन विमानतळांमधलं सरळ अंतर मोजून वेळ काढून देतात. घाईत मीही तेच वाचलं असतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून आप्पा औषधाच्या बाटलीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं मला वाचायला लावतात, आणि मी म्हणेन ते खरं धरतात. याची आता भीती वाटते.

आत्या मला चिडवायची, बॅरिस्टरीणबाई, आमचं बी गाऱ्हाणं लिहून घ्या. हे तिचंच समजा.
लोभ तुटू देऊ नका.
शिवानी

लातूर, ९ डिसेंबर

चि. शिवानीस,
पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते उठून आत गेले, जेवले नाहीत. भावकीलाही मीच सांगितलं, चूक माझी.

काल समाधीवर जाऊन आलो. साडी आता वरून घातली तर चालेल का, असं विधी करणाऱ्या जंगमस्वामींना विचारलं. ते म्हणाले, घाल बाबा, तुझ्या समाधानासाठी घाल.

गुरुवारी कार्य आहे. मामानं भाच्याला टॉवेल-टोपी घालायची असते. मामा आले नाहीत तर दुसऱ्या कुणाकडून मी ती घालून घेणार नाही. त्यांना म्हणावं, बसनं या. मी सकाळपासून स्टँडवर उभा राहीन.

आणि साडी आणू नका. ती बघायचं बळ माझ्यात नाही.
मामींना नमस्कार. माया राहू द्या.
तुझा दादा,
अमरेश