उल्हासनगरचं मशीन

आई, काल बदलापूरच्या आमच्या घरात बीपीचं नवीन मशीन आलं आणि मला तुझी आठवण आली. रडू नाही हं, हसूच आलं. सासूबाई विचारतात, 'एकटीच काय गं हसतेस?' त्यांना काय सांगू, आमच्या आईने एका मशीनशी कसं भांडण काढलं होतं ते!

अंबरनाथचं आपलं स्वयंपाकघर. अण्णांना अर्धांगवायू झाल्यापासून तू ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवायचीस, तेही दुपार कलल्यावर. त्यांना अंघोळ घाल, बिनमिठाचं शिजव, भरव. ते नुसते खोकले तरी झोपेतून उठून बसायचीस. डोकं दुखलं की गॅस. छातीत धडधडलं, गॅस. जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून बसलीस, तरी 'काही नाही गं, गॅस झालाय, ओवा खाते.' मी म्हणायचे, मग आपल्याला सिलिंडर कशाला लागतो! पण मनातून जाम घाबरले होते. अण्णा अंथरुणाला खिळलेले, त्यात तूही पडलीस तर?

अण्णांसाठी मी उल्हासनगरहून मशीन आणलं होतं. त्यांचा आकडा म्हणजे तुला काळ्या दगडावरची रेघ. एका रविवारी मी जबरदस्तीने पट्टा तुझ्या दंडाला गुंडाळला. आकडा अण्णांपेक्षा जास्त! तू पट्टा फर्रकन काढलास. 'उल्हासनगरचा माल! डुप्लिकेट असणार. परत दे.' मी म्हटलं, 'अगं, अण्णांचं बरोबर दाखवतं ना?' तर म्हणतेस, 'त्यांचं बरोबर दाखवतं. माझंच चुकतंय.'

शेजारच्या काकूंना अण्णांपाशी बसवून तूच तणतणत निघालीस. दुकानदार सिंधी, मोठा शांत माणूस. त्याने स्वतःचं मोजलं, माझं मोजलं, दोन्ही ठीक. मग तुला खुर्चीवर बसवून पाणी दिलं आणि जरा वेळाने तुझं मोजलं. मशीन डब्यात भरून हात जोडत म्हणाला, 'माँजी, मशीन एकदम फर्स्ट क्लास है. आपको डॉक्टर को दिखाना पड़ेगा.' मला हसू आवरेना. घर येईपर्यंत तू रिक्षात दुकानदारालाच नावं ठेवत होतीस.

डॉक्टरांनी सांगितलं, नवऱ्याचं करता करता तुम्हीच आजारी पडलात. गोळ्या दिल्या, त्या तू साखरेच्या डब्यामागे सारल्यास. शेवटी अण्णांनीच तुला वठणीवर आणलं. तू त्यांची गोळी त्यांच्या तोंडाशी नेलीस तर त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि डाव्या हाताने तुझ्याकडे बोट दाखवलं. जीभ जड, कसेबसे शब्द निघाले, 'आधी... तू.' 'अहो, लहान मुलासारखं काय करताय!' तू ओरडलीस. ते ढिम्म. तू तुझी गोळी गिळलीस, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. मग अर्ध्या तोंडाने इतके छान हसले! पुढे जेवणाचंही तेच. तू ताट घेऊन शेजारी बसेपर्यंत ते घास घेईनात. हळूहळू तुझा तो गॅस कुठल्या कुठे पळाला.

आता सासूबाईंचं सगळं मी करते. काल त्यांचं मोजून झाल्यावर गंमत म्हणून माझंही मोजलं. आकडा चांगलाच वर. लेकीने विचारलं, 'आई, किती आलं?' मी पट्टा फर्रकन काढला आणि म्हणाले, 'नवीन आहे गं, अजून सेट झालं नसेल.'

आई, हे अण्णांना मात्र सांगू नकोस.