होडी सुनेला, बाकीचं बाकीच्यांना

मी, खाली सही करणारी, शाळांचे गणवेश शिवून देणाऱ्या शिवणघराची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, नवरा हयात नाही, आज हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. कोणी गोड बोलून भुलवलेलंही नाही. गोड बोलण्याची या घराला सवय नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. त्याविषयी शंका घेणारी एक बैठक आमच्या घरात पूर्वी भरली होती, म्हणून दिराने तेव्हा ज्या मनोविकारांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं होतं, त्यांच्याकडेच गेल्या आठवड्यात मी आपल्या पायांनी गेले आणि शुद्धीत असल्याचा दाखला घेऊन आले. दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर भले गृहस्थ आहेत. ‘तुम्हाला काय होतंय?’ म्हणाले. मी म्हटलं, मला काही होत नाही, माणसांचा कंटाळा येतो. त्यावर औषध नाही म्हणाले.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दुसरा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा, आणि पुढे करणारा बहुधा माझा दीर असेल.

कलम एक. राहतं घर, म्हणजे शिवणघरावरचा मजला, थोरल्या मुलाला द्यावा. तो घरात फारसा नसतो, तेव्हा घराला त्याचा काही त्रास होणार नाही. त्याचं काम नेमकं काय, हे मला आजवर उमगलेलं नाही. फोनवर ‘बघतो, करतो, कळवतो’ म्हणणं हे काम असेल, तर माझ्या पोटी फार कष्टाळू जीव जन्माला आला असं म्हणावं लागेल. जेवताना तो ताटाकडे बघत नाही. बायकोशी बोलताना तिच्याकडे बघत नाही. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने एकदा मला विचारलं, ‘आजी, बाबा कशात बिझी असतात?’ मी म्हटलं, ‘बिझी असण्यात.’ तिला पटलं. पोर हुशार आहे.

बँकेतली शिल्लक धाकट्या मुलीला. तिलाही वेळ नसतो, पण वेळ नाही हे सांगायला ती फोन तरी करते.

कलम दोन. तळमजल्यावरचं शिवणघर, त्यातली यंत्रं, कापायचं टेबल, कात्र्या, गिऱ्हाइकं आणि गिऱ्हाइकांच्या कटकटी, हे सगळं कटिंग मास्तरांना आणि काज करणाऱ्या बाईंना अर्धं अर्धं द्यावं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. भागीदारीला ते बरं असतं.

कलम तीन. आता होडी.

तलावाच्या धक्क्याला बांधलेली, एका शिडाची, दोन माणसं बसतील अशी लाकडी होडी माझ्या एकटीच्या मालकीची आहे. तिच्यावरून पुढे भांडणं होतील, म्हणून ती माझ्याकडे कशी आली आणि तिने काय काय केलं हे सविस्तर लिहून ठेवते.

होडी मूळ डोळ्यांच्या डॉक्टरांची. मी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. दवाखान्याच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘होडी आहे. वेळच मिळत नाही हो. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र नक्की.’ मी म्हटलं, ‘किती उन्हाळे यंदाचे झाले?’ डॉक्टर हसले. ताडपत्री उचलून पाहिली तर शिडात उंदरांनी संसार थाटलेला. गावाचे डोळे तपासणाऱ्या माणसाला अंगणातली होडी दिसली नव्हती. ‘विकता का?’ म्हटलं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. त्याच वेळी एक पेशंट आत आला आणि होडीचा विषय संपला. माणसं कितीही शिकली तरी वेळ म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आणून द्यायची वस्तू आहे, ही समजूत सुटत नाही.

शीड मी नवं शिवलं. दप्तरांसाठी आणलेलं जाड कापड होतं, त्याला दुहेरी टीप मारली. होडी हाकायला धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने शिकवलं, तेही अर्धवट. अर्ध्या धड्यात तो कोणाचं तरी तिकीट फाडायला पळायचा. उरलेलं वाऱ्याने शिकवलं. दोनदा पाण्यात पडले. तेव्हा मी साठीला टेकले होते, आणि काठावर उभं राहून हसणाऱ्यांत माझ्या गिऱ्हाइकांचा भरणा होता.

गणवेशाचा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते, म्हणून शिंप्याला नसते. शाळा उघडायच्या आत सगळ्या गावाची पोरं एका रंगात घालायची असतात. यंत्रं तापतात, माणसं तापतात, आया मापं घेताना ‘वाढत्या अंगाचा शिवा’ म्हणतात आणि मग मूल त्यात बुडालं की भांडायला येतात. त्या उन्हाळ्यात पहिले काही आठवडे होडी धक्क्याला बांधलेली आणि मी यंत्राला बांधलेली. रोज म्हणायचे, एवढा गठ्ठा हातावेगळा झाला की जाते. गठ्ठ्यामागून गठ्ठा यायचा. एका दुपारी मी ‘यंदा नक्की’ असं पुटपुटले आणि ते माझ्याच कानांवर पडलं. डॉक्टरांचेच शब्द. पाय यंत्रावरून उचलला आणि मास्तरांना सांगितलं, ‘आजपासून चार वाजले की मी तलावावर. तुम्हाला थांबायचं तर थांबा, घरी जायचं तर जा.’ मास्तर म्हणाले, ‘ऑर्डरीचं काय?’ मी म्हटलं, ‘ती कुठे जातेय? तिला पाय असते तर बरंच झालं असतं.’

आमच्या तलावावर वारा चारलाच उठतो. त्याला वेळ मिळतो.

माझे यजमान तेव्हा पोस्टातून निवृत्त झाले होते. त्यांना पाण्याची भीती होती. तरी रोज माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत यायचे आणि बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसायचे. मी परत आले की ‘काय, जमलं?’ एवढंच विचारायचे. त्यांच्यावर मी या कागदात एकही वाकडा शब्द लिहिणार नाही. तेवढा एकच माणूस त्यातून सुटला आहे.

कलम चार. मोठ्या शाळेचे सेक्रेटरी आणि आमच्या घरची बैठक.

मोठी शाळा म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच उन्हाळ्यात ऐन घाईत तिच्या सेक्रेटरींनी निरोप धाडला की शर्टाचा खिसा डावीकडे नको, उजवीकडे हवा. का, तर नव्या अध्यक्षांना तसं बरं दिसतं. निम्मे शर्ट शिवून घड्या घालून तयार होते. मी निरोप्याला विचारलं, पोरांनी आता पेन कोणत्या हाताने काढायचं तेही अध्यक्ष ठरवणार का? खिसे उसवायला बसलो. आणि चार वाजता मी तलावावर गेले.

थोड्या वेळाने सेक्रेटरी शिवणघरात आले. मी तिथे नाही असं कळल्यावर विचारत विचारत धक्क्यावर आले. मी काठापासून हाकेच्या अंतरावर होते. बुटांना चिखल लागू नये म्हणून ते एका दगडावर चढले आणि ओरडले, ‘बाई, आमचे कपडे कुठायत?’

‘शिवणघरात.’

‘आणि तुम्ही?’

‘ही काय, समोर.’

‘इकडे या. बोलायचंय.’

‘वारा पडला की येते.’

‘कधी पडतो?’

‘त्याचा नेम नाही. तुमच्या खिशासारखं आहे, कधीही बाजू बदलतो.’

धक्क्यावरची दोन-चार माणसं हसली. सेक्रेटरींनी बाकाकडे वळून माझ्या यजमानांना म्हटलं, ‘अहो, तुम्ही तरी समजवा.’ यजमानांनी पान उलटलं. ‘मी पाण्यात जात नाही,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर गेली. तयार शर्ट सोडून बाकीचं काम त्यांनी बाजारातल्या दुसऱ्या शिंप्याला दिलं, आणि पुढेही त्यालाच देत राहिले. ते काम पुन्हा कधी आलं नाही, हे मी झाकून ठेवत नाही. शिवणघर लहान झालं. काही यंत्रं विकावी लागली.

लगेच घरी बैठक भरली. दीर आले. दीर म्हणजे ज्यांनी आयुष्यात स्वतःचं शर्टाचं बटण लावलं नाही, पण दुसऱ्याच्या संसाराला ठिगळं कशी लावावीत हे तोंडपाठ. थोरला फोन हातात घेऊन बसला. नुकतीच लग्न होऊन आलेली सून दाराशी उभी.

दीर म्हणाले, ‘वहिनी, या वयात हे शोभत नाही. लोक काय काय बोलतायत.’

‘काय बोलतायत?’

‘की तुमचं जरा...’ त्यांनी कानाजवळ बोट फिरवलं. ‘एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवायला काय हरकत आहे? माझ्या ओळखीचे आहेत.’

थोरला म्हणाला, ‘आई, सीझन संपल्यावर कर ना हवी ती मजा.’

‘सीझन संपला की वारा पण संपतो रे.’

‘मग पुढच्या वर्षी बघू.’

दिरांनी एक गिऱ्हाईकही शोधून आणलं होतं. होडी उद्या घेऊन जायला माणूस यायचा होता, मला न विचारता. ते त्यांनी यजमानांना सांगितलं, जसं काही गाठोडं उचलायचंय.

यजमान कोपऱ्यात बसून होते. बैठकीत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, या घरात ती पद्धत नव्हती. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि म्हणाले, ‘त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. उद्यापासून मी पण जाणार आहे.’

‘दादा, तुला पाण्याची भीती वाटते,’ दीर म्हणाले.

‘वाटते ना. मग?’

दुसऱ्या दिवशी चारला ते होडीत बसले. दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, डोळे मिटून. शीड फुगलं तसे त्यांचे ओठ पांढरे पडले. मी परतू का विचारलं, तर मानेने नाही म्हणाले. तलावाच्या मधोमध आल्यावर एक डोळा उघडला, मग दुसरा. बराच वेळ काठाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘अगं, आपलं घर केवढंसं दिसतंय.’ त्यानंतर शाळा उघडेपर्यंत त्यांनी एक दुपार चुकवली नाही. मी सुकाणूवर आणि ते शिडाच्या दोरीशी. दोरी सोडा म्हटलं की ओढायचे, ओढा म्हटलं की सोडायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आम्ही त्या उन्हाळ्याइतकं एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते वारसांना वाटायचं नाही.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. सकाळी चहा घेता घेता. दीर भेटायला आले, रडले, डोळे पुसले आणि जाताना म्हणाले, ‘त्या होडीच्या नादात मोठी शाळा मात्र हातची गेली, वहिनी.’

मी म्हटलं, ‘मोठी शाळा आहे तिथेच आहे. हे नाहीत.’

त्यांना ते कळलं नाही. आजही कळलेलं नसणार. म्हणून माझ्या दिरांना मी होडीवरची ताडपत्री देत आहे. वस्तू झाकून ठेवण्याची त्यांना हौस आहे.

कलम पाच. होडी थोरल्या सुनेला द्यावी.

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या बैठकीत दाराशी उभी राहून ती एक अक्षर बोलली नव्हती, म्हणून मीही तिला बरीच वर्षं त्यांच्यातच मोजलं. गेल्या उन्हाळ्यात एकदा चारच्या सुमाराला ती कामाचा पांढरा कोट न काढताच धक्क्यावर आली.

‘आई, मला नेता?’

‘काम संपलं?’

‘नाही. नळ्या तशाच ठेवून आलेय. ज्यांना घाई आहे ते उद्या शिव्या देतील.’

‘देऊ देत,’ म्हटलं. ‘बस.’

ती पहिल्याच दिवशी सुकाणू मागून बसली. थोरल्याने रात्री विचारलं, ‘कुठे होतीस?’ ती म्हणाली, ‘बिझी होते.’ मला ती सून तेव्हापासून आवडू लागली.

होडी, शीड, वल्हं आणि धक्क्यावरची जागा, हे सगळं तिच्या एकटीचं. नवरा म्हणून थोरल्याला त्यात हक्क, वाटा किंवा सल्ला देण्याचा अधिकार नाही. तो कधी होडीत बसला तर उतारू म्हणून बसेल, आणि फोन काठावर ठेवून बसेल. वकिलांनी विचारलं, ‘बाई, एखादी अट घालायची का? दरवर्षी वापरावी वगैरे?’ मी नाही म्हटलं. अट घातली की तेही एक कामच होईल, आणि मग तिला त्यासाठीसुद्धा वेळ काढावा लागेल. तिने होडी विकली तरी माझी तक्रार नाही. तिने वारा पाहिलेला आहे.

कलम सहा. ऐन घाईत उठून जायची माझी सवय, म्हणून मला मरणही उन्हाळ्यात यायची शक्यता जास्त. तेव्हा लोक म्हणतील, ऐन घाईच्या दिवसांत गेली, निघायला जमलं नाही. अशा सर्वांना या लेखाने कळवते की यायची गरज नाही. नंतर, सीझन संपल्यावर, मोकळे झालात की येऊ म्हणणाऱ्यांनी तर मुळीच येऊ नये. मी तेव्हा तिथे नसेन. जे हातातलं काम अर्धं टाकून येतील, तेवढेच माझे. त्यांना मास्तरांनी चहा द्यावा.

या कागदावर मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

(सही) गणवेशवाल्या बाई

साक्षीदार पहिला: आमच्या देखत बाईंनी सही केली. मजकूर मी वाचला नाही, वाचायचा नाही असं त्यांनी सांगितलं होतं.
(सही) कटिंग मास्तर

साक्षीदार दुसरी: मी वाचला. भागीदारीविषयीचं वाक्य मला मान्य नाही, पण मास्तरांशी बोलून ते सांगायची माझी इच्छा नाही.
(सही) काज करणाऱ्या बाई

ठिकाण: शिवणघर, कापायच्या टेबलावर.
दिनांक: शाळा उघडण्याआधीचा सोमवार, दुपार. गठ्ठे बरेच बाकी आहेत.